‘रिपोर्ट नॉर्मल’ हे निदान नव्हे

डोळ्यांपुढे क्षणभर काळोख येणे, एकाचे दोन दिसणे, एका डोळ्याला लाल रंग विटका वाटणे, हातापायांना मुंग्या येणे, अंधारात चालताना तोल जाणे. अशा तक्रारी घेऊन निघालेल्या रुग्णाची वाट बहुधा ठरलेली असते. आधी चष्म्याचे दुकान, मग डोळ्यांचे डॉक्टर, मग फॅमिली डॉक्टर आणि शेवटी मेंदूचा एमआरआय. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली, रक्ताचे आकडे चौकटीत बसले आणि एमआरआय स्वच्छ निघाला, की एक वाक्य ऐकू येते : ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेले नाही, टेन्शन घेऊ नका.’ या वाक्याचा पहिला तुकडा कागदावरचा आहे आणि तो खरा असू शकतो. दुसरा तुकडा पहिल्यातून निघत नाही. तो वर चिकटवलेला असतो, आणि मेंदू व डोळे यांच्या सीमेवरच्या कितीतरी आजारांत तो साफ चुकीचा ठरतो.

हे वाक्य उच्चारणारे सगळे डॉक्टर निष्काळजी असतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. अशा बऱ्याच तक्रारी खरोखरच आपोआप विरतात. बाह्यरुग्ण विभागात एकेका रुग्णाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. तपासण्यांवर तपासण्या केल्या, की खिसा रिकामा होतो. शिवाय प्रत्येक नव्या स्कॅनमध्ये कुठेतरी एखादा निरुपद्रवी ठिपका सापडतो आणि त्या ठिपक्याच्या धास्तीने माणूस आणखी खचतो. धीर देणे हेही डॉक्टरचेच काम आहे. हे सगळे मान्य केले, तरी त्यातून एवढेच सिद्ध होते, की तपासण्या विचार करून कराव्यात. ज्या तपासण्या झाल्या त्यांत काही सापडले नाही म्हणून आजारच नाही, हे यातल्या कोणत्याच मुद्द्याने सिद्ध होत नाही.

तपासणीचा कागद ‘नॉर्मल’ म्हणतो तेव्हा तो नेमके काय म्हणतो, हे आधी पाहायला हवे. नेत्रतपासणीचा तक्ता हरमन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने 1862 मध्ये तयार केला. पांढऱ्या पाटीवरची काळी अक्षरे किती बारीक आकारापर्यंत ओळखता येतात, एवढेच तो मोजतो. म्हणजे नजरेच्या अगदी मधल्या ठिपक्याएवढ्या भागाचे काम तो मोजतो. मेंदूच्या मागच्या भागात पक्षाघाताचा लहानसा झटका येऊन दोन्ही डोळ्यांचे डावीकडचे अर्धे दृष्टिक्षेत्र गेले, तरी रुग्ण त्या तक्त्यावर सहा-सहा वाचू शकतो. तो दाराच्या चौकटीवर आपटतो, ताटातली डावीकडची भाजी त्याला दिसत नाही, गाडी चालवताना डाव्या हाताने येणारा सायकलवाला त्याला दिसत नाही. कागदावर मात्र दृष्टी उत्तम असते. रंग फिके पडणे, धुरकट प्रकाशात न दिसणे, कडांनी दृष्टी आक्रसत जाणे, हलत्या वस्तूमागे तिची सावली रेंगाळणे, यातले काहीही त्या तक्त्याला कळत नाही. तसे कळावे म्हणून तो बनवलेलाच नाही.

एमआरआयचेही तेच आहे. साधा एमआरआय मेंदूची घडण दाखवतो, मेंदूचे काम दाखवत नाही. गाठ, रक्तस्राव, सूज, मोठा चट्टा यांसाठी त्याला तोड नाही. पण ‘एमआरआय केला’ या दोन शब्दांत बरेच काही झाकले जाते. मेंदूचा नेहमीचा एमआरआय बऱ्यापैकी जाड कापांचा असतो. डोळ्यामागची नस बारीक असते आणि चरबीत लपेटलेली असते. तिच्यातली सूज पाहायची, तर खोबणीचा वेगळा एमआरआय लागतो, त्यात चरबीचा उजळपणा दाबावा लागतो आणि शिरेतून कॉन्ट्रास्टही द्यावा लागतो. मेंदूतल्या अशुद्ध रक्ताच्या मोठ्या शिरांत गुठळी आहे का, हे पाहायला त्या शिरांचे स्वतंत्र चित्रण करावे लागते. डॉक्टरने चिठ्ठीवर नुसते ‘एमआरआय ब्रेन’ लिहिले, तर यातले काहीच होत नाही आणि अहवाल ‘नॉर्मल’ येतो. जो प्रश्न विचारलाच नाही, त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले, असे मानण्याचाच हा प्रकार आहे.

याच्या उलट एक तपासणी अशी आहे, की तिला जवळपास काहीच खर्च येत नाही. अंधाऱ्या खोलीत रुग्णाला दूर बघायला सांगायचे आणि टॉर्चचा झोत एका डोळ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पुन्हा पहिल्यावर असा आळीपाळीने न्यायचा. निरोगी माणसाच्या दोन्ही बाहुल्या प्रत्येक वेळी आक्रसतात. एका बाजूची नस दुखावली असेल, तर झोत त्या डोळ्यावर येताच बाहुली आक्रसण्याऐवजी मोठी होते. 1959 मध्ये लेव्हॅटिन यांनी ही पद्धत मांडली. बाहुली खोटे बोलू शकत नाही, घाबरत नाही आणि डॉक्टरवर छाप पाडू पाहत नाही. दोन्ही नसा सारख्याच बिघडल्या असतील तर ही खूण मिळत नाही, एवढी तिची मर्यादा. थेंब घालून बाहुल्या मोठ्या करण्याआधी हा अर्ध्या मिनिटाचा वेळ न दिल्यामुळे किती रुग्णांच्या माथी ‘काही नाही’ हा शिक्का बसला असेल, याचा हिशेब कोणाकडेच नाही.

डोळ्यामागच्या नसेचा दाह हा आजार या टॉर्चची किंमत पटवून देतो. तरुण वयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, डोळा हलवताना दुखते आणि एक-दोन दिवसांत त्या डोळ्याची नजर मंदावते. अमेरिकेत 1988 ते 1991 या काळात 457 रुग्णांवर या आजाराचा मोठा अभ्यास झाला. त्यात सुमारे तीनपैकी दोन रुग्णांच्या डोळ्यात बाहेरून काहीच सापडले नाही, कारण दाह डोळ्याच्या मागे होता आणि नसेचे पुढचे टोक निरोगी दिसत होते. डोळ्यांच्या वॉर्डात शिकवले जाणारे जुने वाक्य हेच सांगते, की या आजारात रुग्णालाही काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही. या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. नुसत्या तोंडाने घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिलेल्या रुग्णांत दाह परत उलटण्याचे प्रमाण वाढले होते. म्हणजे ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवणे आणि ‘असू द्या थोड्या गोळ्या’ म्हणून अंदाजाने उपचार करणे या एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत. निदान केलेले नसते, हे दोन्हींत समान असते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर याहूनही अधिक काळजीने पाहावे असे एक उदाहरण क्षयरोगाच्या उपचारात आहे. इथॅम्ब्युटॉल हे क्षयाचे नेहमीचे औषध. पूर्वी ते सहा महिन्यांच्या उपचारातल्या पहिल्या दोन महिन्यांपुरते दिले जाई. रोज गोळ्या घेण्याची पद्धत आल्यापासून ते सहाही महिने चालते. क्षयाच्या उपचारासाठी ते आवश्यक आहे, यात वाद नाही. पण थोड्या रुग्णांत ते डोळ्याच्या नसेला इजा करते. औषधाचा डोस जास्त असेल किंवा मूत्रपिंडे नीट काम करत नसतील, तर हा धोका वाढतो. सुरुवात साधी असते. वाचताना मधली अक्षरे पुसट होतात, लाल-हिरव्यातला फरक कमी होतो. या टप्प्यावर डोळ्याचा पडदा, नसेचे टोक आणि मेंदूचा एमआरआय असे सगळे नॉर्मल असू शकते. रंगांच्या ठिपक्यांचे इशिहारा पुस्तक पुढे धरले आणि ‘सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ असे विचारले, तर निदान हाती येते. वेळेत औषध थांबवले, तर बऱ्याच रुग्णांची नजर बरीचशी परत येते. नसेचे टोक पांढरे पडून रिपोर्ट अखेर ‘अ‍ॅबनॉर्मल’ होईपर्यंत थांबले, तर परत मिळवण्यासारखे फारसे उरत नाही. अशा रुग्णाला ‘रिपोर्ट चांगले आहेत, गोळ्या चालू ठेवा’ असे सांगणे म्हणजे दृष्टी घालवण्याचा सल्ला देणे होय.

गोळ्यांच्या पिशवीत डोकावण्याचे महत्त्व जपानने मोठी किंमत मोजून शिकले. तिथे 1950च्या दशकाच्या मध्यापासून एक गूढ आजार दिसू लागला. आधी पोटाची तक्रार, मग पायांपासून वर चढणारा बधिरपणा, चालणे अवघड होणे आणि काहींची दृष्टी जाणे. त्याला ‘स्मॉन’ हे नाव मिळाले. संसर्गाचा संशय आला, विषाणू सापडल्याचे दावे झाले आणि दहा हजारांहून अधिक रुग्ण, आजार लागेल या भीतीने, शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच नव्हे तर घरच्यांनीही दूर लोटलेले असे जगले. काही रुग्णांच्या जिभेवर हिरवट थर दिसत होता, काहींची लघवी हिरवी होत होती. 1970 मध्ये त्या हिरव्या रंगाचा माग काढला तेव्हा तो क्लिओक्विनॉल या जुलाबावरच्या औषधाचा निघाला. नीगाता विद्यापीठाचे त्सुबाकी तादाओ यांनी आजार आणि औषध यांचा संबंध मांडला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये जपान सरकारने औषधाची विक्री थांबवली आणि नवे रुग्ण येणे जवळपास बंद झाले. पोट बिघडले म्हणून जे औषध दिले जात होते, तेच नसा जाळत होते. पंधरा वर्षे ही गोष्ट दडून राहिली, त्याचे कारण यंत्रे कमी पडली हे नव्हते. रुग्ण काय घेतो आहे आणि त्याच्या जिभेचा रंग कसा आहे, या साध्या माहितीकडे कोणी पुरावा म्हणून पाहिले नव्हते.

जीवनसत्त्व ब-12 ची गोष्ट अधिक घरगुती आहे, म्हणूनच ती सहज नजरेआड होते. जन्मभर शाकाहारी असलेली, दूधही बेताचेच घेणारी माणसे, मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारी माणसे, पोटाच्या विकाराने अन्नातले ब-12 शोषले न जाणारी माणसे यांच्यात त्याची कमतरता होते. मग तळपायांना मुंग्या येतात, अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, विसरायला होते, क्वचित दोन्ही डोळ्यांची मधली नजर धूसर होते. रक्तातले हिमोग्लोबिन आणि पेशींचा आकार व्यवस्थित असतानाही नसांचे नुकसान चालू राहू शकते. रक्तातली ब-12 ची पातळी सीमारेषेजवळ असेल तर ‘रेंजमध्ये आहे’ म्हणून कागद बाजूला ठेवला जातो. उपचार काही रुपयांच्या इंजेक्शनाचा असतो. उशीर झाला, तर मज्जारज्जूची हानी मात्र पूर्ण भरून येत नाही.

पापणी पडणे आणि एकाचे दोन दिसणे या तक्रारींचा स्वभावच असा, की त्या तपासणीच्या वेळी हजर नसतात. मायस्थेनिया या आजारात नसेकडून स्नायूकडे जाणारा निरोप वापराबरोबर क्षीण होत जातो. सकाळी नऊच्या अपॉइंटमेंटला रुग्ण ठणठणीत दिसतो. संध्याकाळी बसमधून घरी जाताना त्याची पापणी अर्धी मिटते आणि समोरून दोन बस येताना दिसतात. एमआरआयमध्ये काही नसते. आजार डोळ्यांपुरताच असेल, तर रक्तातली प्रतिपिंडेही सुमारे निम्म्याच रुग्णांत सापडतात. डॉक्टरपुढे तक्रार बदलत राहते, म्हणून ती ‘मनाची’ ठरते; खरे तर ते बदलणे हेच या आजाराचे लक्षण आहे. रुग्णाला मिनिटभर वर बघत राहायला सांगावे, पापणी उतरते का पाहावे, मग मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फाची पिशवी ठेवावी. पापणी उचलली गेली, तर संशयाला बळ मिळते. 1934 मध्ये लंडनच्या ग्रिनिच भागातल्या रुग्णालयात मेरी वॉकर यांनी फायसोस्टिग्मिनच्या इंजेक्शनाने एका स्त्रीची पडलेली पापणी थोड्या वेळापुरती वर आणून दाखवली आणि या आजारावर औषध असू शकते हे सिद्ध केले. तरीही रुग्णाने मोबाइलवर काढलेला संध्याकाळचा व्हिडिओ पाहण्याची तसदी न घेता ‘आत्ता तर काही दिसत नाही’ म्हणणारे आजही भेटतात.

कवटीतला दाब वाढण्याच्या आजाराचा इतिहास ‘काही नाही’ म्हणण्याच्या सवयीबद्दल बरेच सांगतो. 1893 मध्ये हाइनरिश क्विंके यांनी त्याचे वर्णन केले. गाठ नाही, जंतुसंसर्ग नाही, तरी मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढलेला. डोके दुखते, वाकून उठले की काही सेकंद डोळ्यांपुढे काळोख होतो, कानात नाडीच्या ठेक्यावर घूं-घूं ऐकू येते. बहुतेक रुग्ण तरुण आणि वजन वाढलेल्या स्त्रिया असतात. 1955 मध्ये या आजाराला ‘सौम्य’ हे विशेषण जोडले गेले, कारण गाठ नव्हती. पुढे ते विशेषण काढावे लागले, कारण या ‘सौम्य’ आजारात माणसे कायमची आंधळी होत होती. इथे एमआरआयचा अहवाल ‘गाठ नाही’ एवढेच सांगून संपतो. निदानासाठी दोन गोष्टी लागतात : बाहुली मोठी करून नसेच्या टोकावरची सूज पाहणे आणि पाठीतून पाणी काढताना दाब मोजणे. मोठ्या माणसात तो 25 सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर वाढलेला समजतात. पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा पडतो, ही भीती घरोघरी आहे आणि कितीतरी वेळा नातेवाईक सहीच करत नाहीत. मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो आणि सुई त्याच्या खाली टोचली जाते, हे चित्र काढून दाखवायला कागद-पेन पुरतो.

इथवरची उदाहरणे माहीत असलेल्या पण न शोधलेल्या आजारांची झाली. जे शास्त्रालाच अजून ओळखीचे झालेले नसतात, त्या आजारांत ‘रिपोर्ट नॉर्मल’चा युक्तिवाद आणखी उघडा पडतो. जुन्या टीव्हीवर चॅनेल लागले नाही, की पडदाभर मुंग्या वळवळत. काही माणसांना सगळे जग तसे दिसते. उघड्या डोळ्यांनी, मिटल्या डोळ्यांनी, दिवसा, रात्री, कायम. भिंत पाहिली तरी तिच्यावर मुंग्या. शिवाय वस्तू हलवली की तिची प्रतिमा मागे राहते, उजेड सहन होत नाही, अंधारात कमी दिसते. 1995 मध्ये अर्धशिशीच्या दहा रुग्णांच्या निमित्ताने याचे वर्णन प्रसिद्ध झाले, पण त्यानंतरही बरीच वर्षे अशा रुग्णांना अर्धशिशी, चिंता किंवा नशेच्या पदार्थांचा परिणाम यांपैकी एखादे लेबल लावले जात होते. काही जणांना तर लहानपणापासून तसेच दिसत असते आणि सगळ्यांनाच असे दिसत असावे, असे त्यांनी धरलेले असते. 2014 मध्ये शांकिन, गोड्सबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हिज्युअल स्नो’ या लक्षणसमूहाचे निकष मांडले. त्याच वर्षी या संशोधकांच्या पेट स्कॅनच्या अभ्यासात मेंदूच्या दृश्यविषयक भागात, लिंग्वल जायरस या वळीत, ऊर्जेचा वापर वाढलेला आढळला. 2018 मध्ये डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या परिशिष्टात त्याला जागा मिळाली. या रुग्णांचे डोळ्यांचे आणि एमआरआयचे रिपोर्ट आजही नॉर्मलच येतात. 2014 आधी ते नॉर्मल होते म्हणून आजार नव्हता आणि 2014 नंतर ते नॉर्मल असूनही आजार आहे, असे कोणीही म्हणू शकणार नाही.

एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) या आजाराची वाट याहून लांब आहे. फ्रान्समधल्या लिऑनच्या युजीन देविक यांनी 1894 मध्ये डोळ्याची नस आणि मज्जारज्जू एकदम धरणारा हा आजार वर्णन केला. पुढची शंभर वर्षे त्याला बहुतांशी मल्टिपल स्क्लेरोसिसचाच एक प्रकार मानले गेले. 2004 मध्ये मेयो क्लिनिकच्या व्हांडा लेनन यांच्या गटाने त्याची खूण असलेले प्रतिपिंड दाखवले आणि दुसऱ्या वर्षी ते पेशींतल्या पाणी वाहणाऱ्या अ‍ॅक्वापोरिन-4 या प्रथिनाविरुद्ध असल्याचे कळले. हे केवळ नामकरण नव्हते. मल्टिपल स्क्लेरोसिससाठीची इंटरफेरॉनसारखी काही औषधे एनएमओ अधिक भडकवतात. काही रुग्णांत या आजाराची सुरुवात दिवसेंदिवस न थांबणारी उचकी आणि उलट्या यांनी होते. ते पोटाच्या डॉक्टरांकडे जातात, एंडोस्कोपी नॉर्मल येते आणि झोपेची गोळी घेऊन घरी येतात. काही आठवड्यांनी पाय लुळे पडतात. ‘पोटात काही नाही’ हे त्या दिवशी खरेच होते. ‘काही नाही’ हे मात्र खोटे होते.

आता सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. विरोधी बाजू म्हणते, की तपासण्यांत काही नाही, मग उरते मन. अशा रुग्णांपैकी बहुतेकांची तक्रार मानसिकच निघते. या म्हणण्यामागे पुरावा आहे आणि तो टाळून चालणार नाही. 1965 मध्ये एलियट स्लेटर यांनी लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील राष्ट्रीय रुग्णालयात ‘हिस्टेरिया’ ठरवलेल्या 85 रुग्णांचा अनेक वर्षांनंतरचा मागोवा प्रसिद्ध केला. त्यांतल्या एकतृतीयांशाहून अधिक जणांत पुढे शारीरिक आजार निघाला होता. रुग्णांची बाजू घेणारे हा आकडा नेहमी पुढे करतात. पण 2005 मध्ये जॉन स्टोन आणि सहकाऱ्यांनी 27 अभ्यासांतील 1466 रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा असे चुकीचे निदान 1950च्या दशकात 29 टक्के आणि 1970च्या दशकापासून सुमारे 4 टक्के होते असे दिसले. म्हणजे आज तज्ज्ञाने केलेले हे निदान फारसे चुकत नाही. स्लेटर यांच्या आकड्यावर आजही विसंबणे बरोबर नाही.

प्रश्न हा, की हे 4 टक्के कोणत्या निदानाचे आहेत. हे प्रमाण सीटी स्कॅन आल्यामुळे घटले, असे स्टोन आणि त्यांचे सहकारीही मानत नाहीत. जुन्या अभ्यासांचा दर्जा कमी होता, हे कारण त्यांना अधिक पटते. आणि आजचा तज्ज्ञ ज्याला फंक्शनल विकार म्हणतो, तो उरल्यासुरल्या तक्रारींचा डबा नाही. त्याच्या स्वतःच्या खुणा आहेत. 1908 मध्ये चार्ल्स हूवर यांनी सांगितलेली खूण अशी : लुळा वाटणारा पाय रुग्णाला हेतूपूर्वक खाली दाबता येत नाही, पण चांगला पाय जोर लावून वर उचलायला सांगितला की त्याच लुळ्या पायाची टाच आपोआप गादीत रुतते. म्हणजे मार्ग शाबूत आहे, त्यावरचे नियंत्रण बिघडले आहे. दृष्टीचेही तसेच. खऱ्या नळीएवढ्या उरलेल्या दृष्टीचा घेर अंतर वाढेल तसा मोठा व्हायला हवा. एक मीटरवर आणि दोन मीटरवर तो तेवढाच राहिला, तर ते डोळ्याच्या रचनेत बसत नाही. ‘काहीच दिसत नाही’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पट्ट्यांचा ढोल फिरवला आणि डोळे पट्ट्यांमागे धावू लागले, तर प्रतिमा मेंदूपर्यंत पोहोचते आहे. 2013 मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेने मानसिक ताणाचे कारण सापडायलाच हवे ही अट काढली आणि अशा प्रत्यक्ष खुणांवर भर दिला. म्हणजे ज्या निदानाच्या आधारे ‘रिपोर्ट नॉर्मल, तेव्हा मनाचे आहे’ असे म्हटले जाते, ते निदानच असा निष्कर्ष काढायला परवानगी देत नाही. तेही तपासून, खुणा दाखवून करावे लागते.

रुग्णांच्या बाजूनेही इथे एक चूक होते, ती सांगायला हवी. फंक्शनल विकार हे शब्द ऐकले की अनेकांना वाटते, डॉक्टर आपल्याला खोटारडा म्हणत आहेत. तसे नाही. तो खरा विकार आहे, सोंग नाही. त्यासाठी खास फिजिओथेरपीचा आणि योग्य समुपदेशनाचा उपयोग होतो, आणि मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार असलेल्या माणसाला तो त्याच्या जोडीनेही असू शकतो. रुग्णाला हूवरची खूण प्रत्यक्ष दाखवून ‘हे बघा, तुमच्या पायात ताकद आहे, ती वापरण्याचा मार्ग अडला आहे’ असे सांगणारा डॉक्टर त्याचे निदान करतो. ‘टेन्शनचे आहे’ असे म्हणून पुढच्या रुग्णाला हाक मारणारा डॉक्टर निदान करत नाही, मग योगायोगाने त्याचा अंदाज बरोबर का निघेना.

‘हा डॉक्टरांच्या फेऱ्या मारणारा रुग्ण आहे’ ही नोंदही अशीच तपासून पाहायला हवी. फायलीत सात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असणे म्हणजे रुग्णाचा स्वभाव वाईट, असे होत नाही. सातपैकी कोणीही उत्तर दिलेले नाही, एवढेच त्यातून कळते. लेखक टेरी प्रॅचेट यांच्या तक्रारीचे कारण सुरुवातीला मेंदूचा छोटा झटका असावे असे धरले गेले होते. डिसेंबर 2007 मध्ये त्यांनी आपल्याला अल्झायमरचा मेंदूच्या मागच्या भागात सुरू होणारा प्रकार असल्याचे जाहीर केले. फ्रँक बेन्सन यांनी 1988 मध्ये वर्णन केलेल्या या प्रकारात स्मरणशक्ती बराच काळ टिकते आणि डोळे निरोगी असतात. पण ओळ वाचताना पुढची ओळ सापडत नाही, टेबलावर समोर ठेवलेला चमचा दिसत नाही. अशा लोकांचे चष्म्याचे नंबर वारंवार बदलले जातात, कुणाचे मोतीबिंदूही काढले जातात, आणि तरीही ‘नीट दिसत नाही’ म्हणणारा माणूस हट्टी ठरतो. त्यांना तपासणारे डॉक्टर एकेका अवयवाचे जाणकार असतात. डोळ्याचा डॉक्टर डोळा निर्दोष ठरवतो, मेंदूचा डॉक्टर डोळ्याकडे बोट दाखवतो, आणि तक्रार नेमकी या दोघांच्या मधल्या पट्ट्यात असते. दोन्ही विषय जाणणारे न्यूरो-ऑप्थॅल्मॉलॉजिस्ट फार थोडे, आणि तेही मोठ्या शहरांत. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या रुग्णाने पुणे-मुंबई-नागपूर गाठले, तर त्याला फेऱ्या मारण्याची हौस आहे असे म्हणता येत नाही.

शेवटचा आक्षेप असा, की बऱ्याच वेळा नाव कळूनही उपचार नसतो. मग निदानाचा एवढा आग्रह कशाला? लेबरच्या आनुवंशिक आजारात बहुधा तरुण पुरुषाची एका डोळ्याची मधली नजर न दुखता जाते आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दुसऱ्याचीही. थिओडोर लेबर यांनी 1871 मध्ये वर्णन केलेल्या या आजाराचे आईकडून येणारे जनुकीय कारण 1988 मध्ये सापडले. खात्रीचा उपचार अजूनही नाही. पण निदान झाले, की दाह समजून चाललेली स्टेरॉइड थांबतात, तंबाखू आणि दारू तातडीने सोडण्याला अर्थ येतो, आईच्या बाजूच्या भावंडांना आणि मावसभावंडांना सावध करता येते, पांढऱ्या काठीपासून स्क्रीन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरपर्यंतची तयारी वेळेत सुरू होते आणि अपंगत्वाचा दाखला मिळतो. व्हिज्युअल स्नोच्या रुग्णाला आपण आंधळे होणार नाही हे कळते. निदान नसते तेव्हा ती पोकळी रिकामी राहत नाही. तिथे नव्या गोळ्या येतात, अंगारे-धुपारे येतात, ‘सुनेला काम नको असते’ ही सासरची कुजबुज येते, नोकरीतली बदनामी येते.

यावर उपाय म्हणजे आणखी दहा स्कॅन, असा अर्थ कोणी काढू नये. वरच्या यादीतली बहुतेक उत्तरे टॉर्च, इशिहाराचे पुस्तक, बर्फ, बोटे हलवून चारही बाजूंचे दृष्टिक्षेत्र पाहणे, गोळ्यांची पिशवी आणि नीट ऐकलेली हकिकत यांतून मिळतात. रुग्णानेही आपला वाटा उचलावा : एकेक डोळा झाकून नेमक्या कोणत्या डोळ्याला काय दिसते ते पाहावे, त्रास किती वाजता सुरू होतो आणि किती वेळ टिकतो ते वहीत लिहावे, पडलेल्या पापणीचा व्हिडिओ काढावा, आयुर्वेदिक आणि दुकानातून आणलेल्या गोळ्यांसह सगळी औषधे सोबत न्यावीत. दृष्टी अचानक गेली, बोलणे अडखळले, किंवा एकाचे दोन दिसू लागले आणि सोबत पापणी पडून बाहुली मोठी झाली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

आणि एवढे करूनही उत्तर सापडले नाही, तर फायलीवर लिहिण्यासाठी एक प्रामाणिक नोंद उपलब्ध आहे. या तारखेपर्यंत या-या तपासण्या केल्या, यांत या-या गोष्टी नाहीत असे दिसले, निदान झालेले नाही, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. मधल्या काळात यांपैकी काही झाले तर लगेच यावे. खाली सही आणि पुढची तारीख.